नुसत्या स्पिरिटची चकती

आपली पोर या नोकरीवरूनही घरी बसणार, ही धास्ती काही केल्या आईच्या मनातून जात नव्हती. दुपारपासून तिनं एकच भांडं तीनदा घासलं होतं.

पोरीला घरात सगळे फौजदार म्हणत. लहानपणी ताप आला, की ती तापमापक आधी बापाच्या तोंडात कोंबायची. तो बरोबर दाखवतो की नाही, हे कळल्याशिवाय स्वतःचा ताप तिला मान्य नसायचा.

सुगंधी तेलांच्या कारखान्यातली ही नोकरी आत्याच्या ओळखीनं मिळाली होती. तिथं मोठ्या पिंपात गवती चहा वाफवून तेल काढत. फौजदाराचं काम मागच्या खोलीत. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, तेलात बुडवलेली कागदाची चकती त्यावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतूंविना किती वर्तुळ उरलं, ते पट्टीनं मोजायचं. तेल घट्ट, म्हणून स्पिरिटमध्ये पातळ करून घेत. तिनं एका बशीत नुसत्या स्पिरिटची ओली चकतीही ठेवली. तिच्या आधी हे काम बघणाऱ्या साहेबांनी हे कधीच केलं नव्हतं. त्या चकतीभोवतीही जवळजवळ तेवढंच वर्तुळ उमटलं! म्हणजे जंतू मारत होतं ते मुख्यतः स्पिरिट; तिनं चाचणीच्या अहवालावर सही करायला नकार दिला.

"चार वर्षं त्यांनी सह्या केल्या," मालक म्हणाले, "तुझंच पेन झिजतंय का?"

"पेन कारखान्याचं आहे, साहेब. सही माझी आहे."

उद्या दुपारपर्यंत सही, नाहीतर राजीनामा, असं मालकांनी बजावलं, तरी ती घरी येऊन खुशाल चहा पीत बसली.

"कर की सही," आई म्हणाली. "तेलच आहे, विष तर नाही."

"विष असतं तर लोक लांब तरी राहिले असते. अगं, तेल खोटं नाही. चकती नीट वाळवून ठेवली तर छोटं वर्तुळ येतं, जंतूंना अडवतं ते. पण बाटलीवर छापलंय, जखमेला दुसरं औषध नको! जखम म्हणजे काचेची बशी आहे का?"

"मोठी शहाणी! आत्या पंधरा दिवस तेच लावतायत. त्यांना काय झालं?"

पोरीनं कप खाली ठेवला. "कुठं लावतायत?"

"तळपायाच्या फोडावर. मीच दिली बाटली."

"आई, आत्याला साखर आहे. आणि डॉक्टरांचं मलम?"

"ते बंद केलंय. मीच म्हटलं, आपल्या पोरीच्या कारखान्याचं आहे, डोळे झाकून लावा."

खरं तर आज संध्याकाळी वन्संना फोन करून, मालकांची समजूत घालायला सांगायचं, असं आईनं मनाशी घोकून ठेवलं होतं. शब्दही जुळवले होते: लेकरू आहे, चुकलं, सांभाळून घ्या.

"चुकलं कुणाचं?" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. पदराला हात पुसून तिनं फोन उचलला.

"काय सांगणार आहेस?" पोरीनं विचारलं.

"तेल बंद, आत्ताच्या आत्ता डॉक्टर. ऐकलं नाही तर मी रिक्षा घेऊन दारात येते."

"आणि मालक?"

"त्यांच्या कानावर घालतीलच वन्सं. घालू देत. सही मिळणार नाही, हे मीच सांगते त्यांना."

तिनं वन्संचा नंबर लावला.