डावा पोचा

मुलुंड स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये मी रोज गाडी लावतो. तिथे गाड्या लावून देणाऱ्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, आणि माझं त्याने कधी विचारलं नाही. गळ्यात शिट्टी असते, पण ती तो वाजवत नाही. दोन्ही हातांनी हवा ओढत "येऊ दे, येऊ दे" म्हणतो. पहिल्याच दिवशी त्या "येऊ दे"वर विसंबून मी गाडी खांबावर घातली आणि डाव्या दाराला पोचा पडला. मग तो शांतपणे म्हणाला, "बस."

दुसऱ्या दिवसापासून मी 'डावा पोचा' झालो. माझ्या शेजारी 'फुटका दिवा' असायचा.

"चेहरे नाही लक्षात राहत, साहेब," तो म्हणायचा. "लोक दाढी करतात, चष्मा बदलतात. पोचा कुठे जात नाही."

माझी सावलीतली जागा मात्र तो निळी बादली ठेवून अडवून धरायचा.

गेल्या महिन्यात बायकोने डोकं खाल्लं म्हणून मी पोचा काढून घेतला. सोमवारी ऐटीत आत शिरलो.

"फुल आहे," तो म्हणाला.

"अहो, मी. डावा पोचा."

त्याने वाकून दारावरून हात फिरवला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"मग ती बादलीची जागा?" मी विचारलं.

"नेहमीच्या माणसाची आहे. येईलच एवढ्यात."

मी खांबाकडे पाहिलं आणि रिव्हर्स टाकला. मागून आवाज आला, "येऊ दे, येऊ दे."