पोर्टला दिलेलं अक्काचं नाव

नववीत शाळा सुटली माझी, लिहिण्यात चुका निघतील, सांभाळून घ्या. करणी, बाहेरचं, अंगात येणं... आमच्या गावात सगळं चालतं, पण मी कधी मानलं नाही. वायर तुटली की नेट बंद, जोडली की चालू. माझं शिक्षण एवढंच.

मी उमरीकडचा. लातूरला एका कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नेटवर्क सांभाळतो. दहावीही नसलेल्या माणसाच्या हातात सरांनी चोवीस पोर्टचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी घालायच्या चोवीस खाचांचा, मॅनेज्ड स्विच दिला, हे उपकार फिटायचे नाहीत. साधा स्विच मुका असतो. याचं पान स्क्रीनवर उघडलं की कोणत्या पोर्टवर डेटा किती गेला, खराब किती झाला, सगळं आकड्यात दिसतं. पोर्टला नावही देता येतं. मला नंबर ध्यानात राहत नाहीत, म्हणून मी घरची, गावातली नावं टाकली. तेवढीच सोबत. सातला अक्का — आई गेल्यावर मला वाढवलेली थोरली बहीण. आठला दाजी.

उन्हाळ्यात सातवर एरर यायला लागले, म्हणजे डेटा खराब होऊ लागला. नावांचं अक्काला सांगितलेलं होतं. मी फोनवर गंमत केली, "अक्का, तू लई एरर देऊन राहिलीस."

"मंग घाल की दोन बुक्क्या! अन् तुझे दाजी?"

"एकदम क्लीन. एक बी न्हाई."

"त्यांना काय धाड भरली? खातेत अन् झोपतेत." हसता हसता तिला खोकला आला. "जरा दम लागून राहिला रे. उन्हाचं असंल."

मी वायर बदलली. एरर तसेच. कॉम्प्युटर बदलला, तसेच. म्हणजे पोर्टच खराब, असं समजून वायर अकरामध्ये घातली अन् नावही अकराला दिलं. सात स्वच्छ... एरर अकरावर! पोर्ट नवा, वायर नवी, मशीन नवं. जुनं राहिलं होतं फक्त नाव. मग वायरींना हात न लावता नुसतं नाव उचलून पंधरावर टाकलं, प्रिंटरच्या पोर्टवर. पाच मिनिटांत पंधरावर एररचे आकडे पळायला लागले. घाईघाईनं नाव परत अकराला दिलं.

आकडा रोज वाढायचा. मी रोज फोन करायचो. सलाईन लावलं म्हणाली. "मी येऊ का?"

"पोरांची ऑनलाइन टेस्ट होऊ दे तुमच्या क्लासची. सरांना अडचणीत टाकू नको, त्यांनीच तुला माणसात आणलं."

रजा मागायला सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो... अन् पाणी पिऊन परत आलो.

टेस्टच्या आदल्या दिवशी सरांनी स्क्रीन बघितली. "हे काय रे? अक्का, दाजी, म्हातारा... लॅब हाय का लग्नाची यादी? उद्या तपासणीवाले येणारेत. नंबर टाक सगळ्याला. अन् अकराचं मशीन सारखं अडकतंय, पोरं बोंबलून राहिलीत, ते बी बघ."

"सर, एक नाव राहू द्या ना—"

"का?"

मी कीबोर्ड पुढं ओढला.

तेवीस नावं पुसली. अक्काचं शेवटी. सर मागंच उभे होते. नंबर टाकला, सेव्ह केलं. एरर थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं... शून्य.

"निघालं की रे!" सरांनी पाठ थोपटली. मलाही वाटलं, अक्काची पीडा गेली. खुशीत फोन लावला. दाजींनी उचलला.

"आत्ताच गेली रे..."

कोणतं सेटिंग कधी बदललं, त्याची वेळ स्विच लॉगमध्ये लिहून ठेवतो. अक्का गेल्याची वेळ दाजींना माहीत आहे. नाव पुसलं म्हणून ती गेली, की ती गेली म्हणून एरर थांबले... दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या असत्या तर कळलं असतं. मी लॉग उघडला नाही. त्यात जागा थोडी असते. टेस्टच्या दिवशी नव्या ओळी येत गेल्या तशी ती ओळ पुसली गेली.

नावाचा अन् एररचा काही संबंध नसतो, असं तुमच्यातले जाणकार सांगतील. मलाही तेच माहीत आहे. तरी दाजींना वेळ विचारायची हिंमत अजून झालेली नाही.