कडू खाणारी भाषा

माझी मुलगी चीनमध्ये डॉक्टरकी शिकते आणि मी वडशाजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना मराठी शिकवते. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिचा बाप एकच प्रश्न विचारतो, "जेवली का?" आणि उत्तर मिळालं की फोन माझ्या हातात देऊन मोकळा होतो. मग मी विचारते, "कसी हायेस बाई?" आणि ती म्हणते, "बरी आहो."

हे "बरी आहो" ऐकून ऐकून मी विटले होते. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली, आणि वर म्हणे बरी आहो. अगं, तुला जन्म दिलाय मी, मला काय शिकवतेस? पण बोलायची सोय नव्हती. मला तिच्याकडून दुसरं काहीच नको होतं. तिनं एकदा मला खरं सांगावं, एवढंच हवं होतं.

तिलाही काय म्हणावं, ही आमच्या घराची रीतच. माझे वडील वनरक्षक, त्यामुळे माझं लहानपण भामरागडकडे गेलं. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. तेव्हा फोन कुठले? लोक दोन्ही काठांवर येऊन उभे राहायचे आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून एकमेकांची खबर घ्यायचे. त्यात एक नियम होता. कोणी शिकवलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक. काठावरून फक्त चांगलंच ओरडायचं. बरं हाय, गाय व्याली, धानाचं रोवणं झालं. घरात कोणी तापानं फणफणत असलं, भिंत पडली असली, तरी ते ओरडायचं नाही. पलीकडच्याला येता तर येत नाही, मग त्याच्या जिवाला घोर कशाला लावा? वाईट ते पूर ओसरल्यावर, समोर बसून, पाणी पिऊन झाल्यावर सांगायचं. माझा मामा वारला ते माझ्या आईला पूर उतरल्यावर कळलं. तोवर मामी काठावर येऊन "बरं हाय" असंच ओरडत होती. आईनं तिला कधी बोल लावला नाही. तिच्या जागी आई असती तर तिनंही तेच केलं असतं.

अशा आईच्या पोटची मी, आणि माझ्या पोटची ही. जगात दुःख आहे हे आधी कबूल करा, मग पुढचा रस्ता, असं विहारात लहानपणापासून ऐकत आलो. पण ते वंदनेपुरतं. घरी आलं की सगळं बरं.

शेवटी मी एक युक्ती काढली. मास्तरीण बाई मी, सरळ प्रश्नाला उत्तर न देणारी पोरं रोज पाहते. एका रविवारी तिला विचारलं, "तुह्या त्या चिनीत कष्टाले का म्हणतेत वो?" ती खुललीच. म्हणाली, "आई, इथी लोक कष्ट खातेत. छ्र खू. खू म्हणजे कडू. कडू खाल्लं म्हणजे हाल सोसले." मी म्हटलं, त्यात नवल ते काय? आपण खस्ता खातो, टक्केटोणपे खातो, मार खातो, वरून शिव्याही खातो. खाण्यात आपण कोणाला हार जाणार नाही. ती हसली. कित्येक दिवसांनी तिचे दात दिसले.

मग दर रविवारी एक शब्द. कडू संपलं की गोड येतं, असं त्यांच्यात म्हणतात. हे वाक्य तिच्या होस्टेलच्या जिन्यात लिहून ठेवलं आहे म्हणे. कडूतलंही कडू जो खाईल तोच माणसांच्या वर जाईल, असं तिचे सर सांगतात. "आपले टाकीचे घाव," मी म्हटलं. "हो, तेच," ती म्हणाली, "पण घाव घालणाराच हे सांगते, आई." मी हसण्यावारी नेलं, पण ते शब्द माझ्यासोबत शाळेपर्यंत आले.

आणखी एक म्हण तिनं सांगितली. आपल्या काडेचिराइतासारखी कडू एक मुळी असते तिकडे. मुक्यानं ती मुळी खाल्ली, तर ती कडू आहे हेही तो कोणाला सांगू शकत नाही. मी लगेच म्हटलं, "तोंड दाबून बुक्क्यांचा मार." ती म्हणाली, "नाई आई. त्यात तोंड कोणीतरी दाबते. इथी कोणी दाबत नाई." आणि खिडकीकडे पाहत बसली. काय झालं, विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं तर परत बरी आहो. म्हणून विचारलं नाही.

तो चौथा की पाचवा शब्द असेल, ज्यापाशी गाडी अडली. सू खू. कडू सांगणं, आपले हाल कोणाजवळ तरी बोलून दाखवणं. मी अडखळले. गाऱ्हाणं म्हणावं तर ते सरपंचाकडे न्यायचं. रडगाणं म्हणावं तर ती शिवीच झाली. ती समजावू लागली, "म्हणजे कसं, मी जसी मावशीपासी जाऊन बसतो ना..." आणि तिनं जीभ चावली.

"कोण मावशी?"

मग हळूहळू सगळं निघालं. होस्टेलच्या कँटीनमध्ये काम करणारी एक बाई. पहिल्या हिवाळ्यात कँटीनच्या मागून जाताना मुलीला वास्त्यांचा वास आला. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्या झाडीपट्टीतली पावसाळ्याची भाजी, तिकडे हिवाळ्यातही निघते. ती बाई कोंब चिरून पाण्यात ठेवत होती. कडूपणा जावा म्हणून पाणी ओतायचं, नवं घालायचं, अगदी आपल्यासारखं. मुलगी तिथंच उभी राहून रडायला लागली. बाईनं काही न विचारता एक टोपली पालथी घातली आणि तिला बसवलं. तेव्हापासून हॉस्पिटलातून आली की ही तिच्याजवळ जाते, लसूण सोलू लागते आणि बोलते.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर मी भांडी आदळत होते. नवरा म्हणाला, "तिले तिथी कोणीतरी आहे, हे चांगलंच नाई का?" मी म्हटलं, तुम्ही चूप बसा. त्याचं खरं होतं, म्हणून तर राग आला. माझ्या पोरीचं हसू साऱ्या जगाला मिळतं. तिचं रडणं तरी माझ्या वाट्याला यायला नको का? बाजारात वास्त्यांचे ढीग लागले होते. मी मान फिरवून पुढे गेले. पोरगी चीनला गेल्यापासून ती भाजी मी घरात केलेली नाही. शाळा सुटल्यावर पोरी दोन वेण्या हलवत घरी पळतात तेव्हा मी फाटकाशी उगाच उभी राहते. सगळ्या गेल्या तरी पाय निघत नाही. हे मी तिला कधी सांगितलं होतं? मीही 'बरी आहो'च म्हणत होते ना.

पुढच्या रविवारी मी सरळ म्हटलं, "मले तुही मावशी दाखव."

"भांडशील तं नाई ना?"

"चिनीत कसी भांडू? तिले का म्हणायचं ते सांग फक्त."

तिनं सांगितलं, शिन्खू ल. तिखट आणि कडू सोसलंस. काम करून आलेल्या माणसाला तिकडे असं म्हणतात. बस चालवणाऱ्याला, झाडणाऱ्याला, घरात आईलाही. मी मनात म्हटलं, इथं माझी नोकरी निवृत्तीला आली, पण भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे मला कोणी काही म्हटलं नाही. आठवडाभर मी भाकरी थापताना ते घोकत होते. नवरा आत येऊन विचारून गेला, कोणाशी बोलते म्हणून.

मग तो रविवार आला. फोनच्या पडद्यावर कँटीनचं मागचं दार, आणि माझ्याच वयाची एक बाई. डोक्याला टोपी, हात ओले, ते एप्रनला पुसत हसत होती. मी काय समजले होते कोण जाणे. ही तर आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाईच वाटली मला. राग कुठल्या कुठे गेला. हात जोडले आणि म्हटलं, "शिन्खू ल."

तिनं दोन्ही हात हलवले, नाही नाही केल्यासारखे. मग हसणं थांबवून बोलायला लागली. माझ्या मुलीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. बरंच बोलली. मुलगी खाली मान घालून उभी.

"का म्हणते वो?"

"काई नाई. तुही तारीफ करून राह्यली."

बाईला मराठी येत नव्हतं, पण आपलं बोलणं पोचलं नाही हे तिला कळलं असावं. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेच पुन्हा म्हटलं, थोडं दटावून.

मुलगी म्हणाली, "ती म्हणते, मी ऐकून घेतो, पण मले तुमची भाषा येत नाई. म्हणते, तुही पोरगी अर्ध्याहून जास्त तुमच्याच भाषेत बोलते. मले समजत नाई, मी नुसती मान हालवतो. म्हणते, ते तुह्यासाठीच असन. मंग तुलेच सांगाव."

  मग तिचा ओठ थरथरला, लहानपणी पडल्यावर थरथरायचा तसाच.

"आई, मले नाई जमून राह्यलं. मले घरी याचं आहे."

धीर धर, थोडंच राहिलं, कडू संपलं की गोड येतं, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मलेबी करमत नाई, बाई. शाळा सुटली का मी फाटकापासी उभी राह्यतो. तुही वाट पाहत."

मग ती रडली, आणि मीही रडले. तिचा बाप दारात येऊन उभा राहिला आणि या खेपेला जेवली का असं त्यानं विचारलं नाही.