वेरूळला निघाले आणि करमाडच्या अंगणात उपग्रहाची वाट बघत बसले

ही पोस्ट लिहायला मी अडीच महिने टाळाटाळ केली. आधी मोबाइलची स्क्रीन फुटली म्हणून, मग चुलतबहिणीचं लग्न म्हणून, मग कारण सापडेना तेव्हा नुसतीच. खरं सांगायचं तर मी नक्की काय बघून आले तेच मला कळत नव्हतं. तुम्ही मेसेज करता, "वेरूळची पोस्ट कधी?" तर आधीच सांगून टाकते, वेरूळ मी बघितलं नाही. कैलास लेण्यासाठी आला असाल तर दुसरीकडं बघा. मंगळवारी बंद असतं, एवढीच माझ्याकडं माहिती.

निघाले मात्र वेरूळलाच. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडल्यापासून घरात बसलं की मला खाज सुटते. एप्रिलमध्ये कुणी मराठवाड्यात जातं का, असं आई म्हणाली, त्यामुळे जाणं भागच पडलं. बार्शीहून पहाटेची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बायांनो, निघा. रस्ता येरमाळ्यापर्यंत हाडं मोजून घेतो, पुढं गुळगुळीत. मांजरसुंब्याला चहा आणि कालची भजी. खिडकी उजवीकडची घेऊ नका, ऊन तिकडंच असतं.

सेंट्रल बसस्टँडला उतरले आणि वेरूळच्या गाडीची चौकशी करण्याआधी कँटीनमध्ये पोहे खायला बसले. तिथंच सगळं वाकडं वळलं. शेजारच्या टेबलावर पँट-शर्टातल्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या एक ताई फोनवर बोलत होत्या. पस्तिशीच्या असतील.

"हळद आहे म्हणजे? अरे, तू काल सांगायचंस ना. फुगा मी एकटी कसा धरू?"

पलीकडून मोठ्यानं उत्तर आलं, मलाही ऐकू गेलं. "मॅडम, सख्ख्या साडूची हळद हाय. नाय जमायचं."

फोन ठेवून त्या नुसत्याच चहाकडं बघत बसल्या. मी विचारलं, कसला फुगा? त्यांनी माझ्याकडं, माझ्या सॅककडं बघितलं. म्हणाल्या, "दोन तास मोकळी आहेस?" मी तर वर्षभर मोकळी आहे.

अशी मी शुभदाताईंच्या जीपमध्ये बसले. वेरूळ तर शहराच्या पश्चिमेला, आम्ही निघालो पूर्वेला, जालना रोडनं. गाडी चालवता चालवता ताईंनी कामाचं सांगितलं. जेवढं मला समजलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

वर एक उपग्रह फिरतो. त्याच्यावर एक यंत्र आहे. ते फोटो काढत नाही (मी वर बघून हात हलवला होता, तो वाया गेला). ते धग मोजतं. जमीन तापते, तिची धग वर निघते. वाटेत हवेचे थर असतात, त्यात वाफ असते, वेगवेगळे वायू असतात, आणि प्रत्येक जण त्या धगीतला आपल्या पसंतीचा तेवढा वाटा कापून घेतो. वर जे पोचतं ते हे यंत्र हजारो बारीक धाग्यांत सोडवून बघतं. कुठला धागा किती फिका आहे त्यावरून किती उंचीवर हवा किती गरम, किती दमट, हे काढता येतं. डोळ्याला न दिसणारी, उष्णतेची ती किरणं असतात. ढग आला की मात्र खालचं काही कळत नाही.

"मग तुम्ही खाली काय करता?" मी विचारलं.

"ते खरं बोलतंय का ते बघते," ताई म्हणाल्या. उपग्रह दुपारी दीडच्या आसपास डोक्यावरून जातो. त्याच वेळी त्या फुगा सोडतात. फुग्याला थर्माकोलची डबी असते, ती वर जाता जाता हवेचं तापमान आणि ओल रेडिओवरून कळवते. शिवाय जमीन किती तापलीय हे खालीच मोजायचं. मग उपग्रहाचं आणि आपलं ताडून बघायचं.

"जुळतं का?"

ताईंनी गिअर बदलला. "हवेचं जुळतं. जमिनीचं कधी जुळतं, कधी नाही. पाच आठवडे झाले. उपग्रह म्हणतो जमीन भाजतेय, माझं यंत्र म्हणतं तेवढी नाही. दुसऱ्या दिवशी दोघं एकमतानं बोलतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साहेबांना कळवायचंय. हिशेब लागला नाही तर ही जागा बंद. आणि माझं कंत्राट याच जागेवर आहे."

एवढं सांगून त्यांनी मला खायला शेंगदाणे दिले.

जागा म्हणजे करमाडच्या पुढं शब्बीरभाईंचं शेत. मोसंबीची बाग, दोन खोल्यांचं घर, समोर चांगलं मोठं अंगण. शब्बीरभाई साठीचे, पूर्वी एका कारखान्यात फिटर होते, आता बागेत असतात. त्यांच्या बायको जुबेदाखाला. आम्ही उतरायच्या आत त्यांनी बाज सावलीत ओढली होती.

"आओ मॅडम, बैठो. आज वो लंबूटांग्या नै आया?" खाला म्हणाल्या. "ही कोन नवी?"

"मी वेरूळला चाललेय," मी म्हणाले.

"वेरूळ उधर है बेटी," शब्बीरभाईंनी शांतपणे बोट दाखवलं.

ताईंनी तिपाई उभी केली, तिच्यावर टॉर्चसारखं दिसणारं, जमिनीकडं तोंड केलेलं यंत्र लावलं. ते महाग, म्हणून रोज जीपमधून आणायचं आणि न्यायचं. मग विमानतळावर फोन करून परवानगी. मग सिलेंडरमधून फुगा भरायचा. फुगा माणसाएवढा होतो आणि वाऱ्यात म्हशीच्या पारड्यासारखा ओढतो. मी दोरी धरली, ताईंनी डबी बांधली, "सोड" म्हणाल्या आणि मी सोडला. तो गेला. मी इतका वेळ वर बघत राहिले की खाला म्हणाल्या, "गर्दन रह जायेगी तेरी."

त्या दिवशी जमिनीचं जुळलं नाही. ताईंनी तिन्हीसांजेला शहरातून फोन करून सांगितलं. मी तोवर खालांकडंच राहिले होते, कारण लॉज बघितलाच नव्हता. प्रवाशांना सल्ला: लॉज आधी बघा. पण मग खालांच्या हातचा खट्टा बैंगन आणि ज्वारीची भाकरी तुम्हाला मिळणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गुरुवारी सकाळी मी मोसंबीत हिंडले, एका कुत्र्याशी मैत्री केली, वेरूळची बस चुकवली. बाराच्या सुमाराला खाला म्हणाल्या, "चल, लाईट है तोपर्यंत दोन बादल्या भर." बोअरची मोटर सुरू होती. मी भरल्या. खालांनी तांब्यानं अख्ख्या अंगणात छिडकाव केला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, असा सफाईनं की मी बघत राहिले. मातीचा वास सुटला. "वो बच्ची उन्हात दोन दोन तास उभी राहती," त्या म्हणाल्या. "पायाखालून तरी जरा थंड लागंल, धूळ बी उडत नाय." मला ते फार आवडलं. दुसरी बादली मी स्वतः शिंपडली.

ताई पाऊणला आल्या. तोवर त्या उन्हात अंगण कोरडं ठाक दिसत होतं. त्यांनी तिपाई लावली, फुगा गेला. मी काहीच बोलले नाही, कारण मला बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

दुपारनंतर शब्बीरभाई शहरात निघाले होते, त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसले. वेरूळऐवजी गुलमंडीचा बाजार. आईला ड्रेसपीस घ्यायचा होता. (नान-खलिया खायचा असेल तर लवकर जा, उशिरा नुसता रस्सा उरतो. एका माणसाला एक प्लेट पुरून उरते.) एका कापडाच्या दुकानात गादीवर चढायला चप्पल बाहेर काढली. आधी पलीकडच्या दुकानात गेले होते, तिथं समोरची फरशी अशी तापलेली की पाय उचलून नाचले होते. या दुकानासमोर मात्र गार. दिसायला दोन्ही सारख्याच कोरड्या. मी दुकानदाराला विचारलं, तो कापड उलगडत म्हणाला, "अभी पानी मारा था ना, अर्धा तास झाला असंल."

मी तिथंच बसले. ड्रेसपीस कुठला घेतला ते आजही आठवत नाही, आई म्हणते भयानक आहे.

परत येताना मागच्या सीटवर डोक्यात एकच विचार. जमिनीचं जुळत नाही त्याचं कारण खालांचं पाणीच आहे का? मी काही शिकलेली नाही, पाच आठवडे ताईंना दिसलं नाही ते मला चप्पल काढून कसं दिसेल? आणि असलं, तर सांगायचं कुणासमोर? खालांनी भाकरीवर तुपाची धार सोडली तेव्हा मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

शुक्रवारी ताई अकरालाच आल्या, लॅपटॉप घेऊन. कालचंही जुळलं नव्हतं. बाजेवर बसून त्या साहेबांना पाठवायचा मजकूर लिहीत होत्या. खाला चहा घेऊन आल्या आणि त्याच वेळी माझ्या तोंडातून निघून गेलं. "ताई, काल अंगणात पाणी टाकलं होतं. तुम्ही यायच्या आधी."

ताईंचे हात थांबले. "कुणी?"

"मी," मी म्हणाले.

"झूट मत बोल," खाला म्हणाल्या. "मॅडम, मी टाकते. तुम्ही यायच्या पहिलं. तुमच्यासाठीच टाकते."

ताई अंगणाकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे पाच आठवडे मी ओली जमीन मोजत होते. सगळंच गेलं."

खालांनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "म्हंजे माझ्या पान्यानं तुमची नौकरी जाती?"

"तसं नाही खाला."

"तसंच है." आणि त्या आत गेल्या. मी तिथंच उभी, मला जमिनीनं गिळलं तर बरं, अशी.

शब्बीरभाई जुम्म्याला जायची तयारी करत होते. टोपी घालता घालता दारातून म्हणाले, "मॅडम, वो रोज कुठं टाकती? लाईट नसली तर बोअर बंद, मग टाकीचं पानी प्यायला ठेवतो."

ताईंनी मान वर केली. "लाईट कधी नसते?"

"शेतीची लाईट है ना. आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आज रात्रीची पाळी है. बुध, जुमेरात दिवसाची होती."

"मागच्या आठवड्याचं आठवेल? त्याच्या मागच्या?"

शब्बीरभाई हसले. "मोसंबी की हर लाइन याद है. कुठल्या दिवशी कोणत्या लाइनीला पानी दिलं, लिवून ठेवलंय." खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या चौकोनांत पेन्सिलीनं बागेच्या लाइनींचे नंबर, रात्री दिलेल्या पाण्याशेजारी फुली. ताईंनी ते खिळ्यावरून उतरवून मांडीवर घेतलं. एका हातानं कॅलेंडर, दुसऱ्या हातानं लॅपटॉप. मी बोटानं दिवस दाखवत गेले. दिवसा पाणी, नाही जुळलं. दिवसा पाणी, नाही जुळलं. रात्री पाणी, जुळलं. दोन ठिकाणी अडलं, दिवसाची लाईट असूनही जुळलेलं. खिडकीच्या आतून खालांचा आवाज आला, "वो दिन मेरी बहन आयी थी, छिडकाव नै केला. आणि वो दुसऱ्या दिवशी मोटर जळाली होती."

त्या दुपारी शब्बीरभाई मशिदीत, वारा जोराचा, फुगा मला एकटीला आवरेना. खाला बाहेर आल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता दोरी धरली. अंगण त्या दिवशी कोरडं होतं, खरोखरचं. तळव्याला चटके बसत होते आणि आम्ही दोघी पाय बदलत उभ्या. ताई म्हणाल्या "सोडा", खालांनी सोडला, आणि पहिल्यांदाच त्याही मान वर करून बघत राहिल्या.

संध्याकाळी आकडे आले. जुळले. ताईंनी सगळं लिहून पाठवलं, कॅलेंडरच्या फोटोसकट. साहेबांचा लगेच फोन. स्पीकर नव्हता, पण ताईंचं बोलणं पुरेसं होतं. "हो सर, शेतीच्या लाईटची पाळी... नाही सर, थट्टा नाही... हो, एक बाई सांगतात म्हणून... पुरावा म्हणजे कॅलेंडर आहे ना सर." फोन ठेवून म्हणाल्या, बघू. कंत्राट वाढलं तर काळ्या मातीची आणखी एक जागा लागेल. मी म्हणाले, आमच्या बार्शीकडं या, आमच्या रानात लावा. कागदावर पत्ताही दिला. त्या हसल्या, पण ते हसणं निरोपाचं होतं.

शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा खाला बागेत होत्या. हाक मारली, त्यांनी हात वर केला, आल्या नाहीत. मी वेरूळला जाऊ शकले असते, दिवस होता. सरळ बीडची गाडी पकडली.

घरी आल्यापासून हेच घोळतंय. मी सांगितलं ते बरं झालं की वाईट? ताईंना कारण मिळालं, पण पाच आठवड्यांतले निम्म्याहून जास्त दिवस बाद झाले. खालांनी कुणाच्या तरी पायाला गारवा मिळावा म्हणून केलं आणि मी त्याला चूक ठरवून आले, तेही त्या चहा घेऊन समोर उभ्या असताना. ताईंना दोनदा फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही. आणि त्या यंत्राचं मला अजून पुरतं कळलेलं नाही. एवढ्या वरून त्याला करमाडची धग कळते, हे डोक्यात बसत नाही. पण हल्ली दुपारी मी अंगणात अनवाणी उभी राहते आणि वाटतं, आत्ता जमिनीतून काहीतरी निघालंय, कुणी कापतंय, कुणी सोडतंय, आणि उरलेलं वर चाललंय. आई म्हणते डोक्यात ऊन गेलंय.

इथवर लिहिलं आणि खालून आईनंच हाक मारली. "ए, खाली ये. ऑफिसची जीप आलीय. एक पँट-शर्टातली बाई हाय, आणि तिच्यासंगं कोण एक खाला. ती बसंना बी, पाणी बी घेईना. दारातच मला विचारतीया, तुमच्या रानाला दिवसा लाईट कोणत्या वारी असती म्हणून."