जिलबीचा रंग आणि मेलेला बोअर

सोनटक्क्यांच्या घरात टूथपेस्टची नळी कधी संपत नाही. शालूताईंनी ती केरात टाकली, की उत्तरेश्वर ती बाहेर काढतात, लाटण्याने लाटतात आणि आणखी आठवडाभर दात घासतात. वर शालूताईंना ऐकवतात, "संपली असं आपण म्हणतो गं. आत असतंच. फक्त वर यायचा उत्साह गेलेला असतो."

हे वाक्य मूळचं तेलाबद्दलचं. उत्तरेश्वरांची सगळी नोकरी भर समुद्रात, तेलाच्या फलाटावर गेली. म्हाताऱ्या झालेल्या विहिरींमधून उरलंसुरलं तेल काढायचं, हे त्यांचं काम. एका विहिरीतून समुद्राचं पाणी खाली दाबायचं, म्हणजे खडकात अडकलेलं तेल ढकललं जाऊन दुसऱ्या विहिरीतून वर येतं. वाघोलीतल्या नंदादीप सोसायटीत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस नव्हता, कारण सोसायटीची लिफ्ट फार हळू चालायची आणि उत्तरेश्वर फार जलद बोलायचे.

आता तेच समुद्रातलं तेलक्षेत्र त्यांची मुलगी श्रद्धा सांभाळत होती, हिंजवडीत बसून, कॉम्प्युटरवर. दिवसाचा निम्मा वेळ कंपनीच्या बसमध्ये आणि उरलेला खडकाच्या रंगीत नकाशांत. समुद्राशी तिचा संबंध एवढाच, की पानशेतच्या लाँचमध्येसुद्धा तिला उलटी व्हायची.

त्या उन्हाळ्यात नंदादीपच्या पुढच्या बोअरने मान टाकली. पंप सुरू केला की नुसती हवा यायची. मागच्या बोअरला करंगळीएवढी धार होती. चेअरमन संभाजीराव हे मूळचे त्याच जमिनीचे मालक. त्यांनी जाहीर केलं, "रविवारच्या मीटिंगला ठराव घेऊ. बोअर मेलाय. सिमेंट ओतून बुजवून टाकू. वर माझी गाडी लावायला जागा बी हाय."

जेवताना हे कळलं आणि उत्तरेश्वरांचा घास तोंडातच राहिला. निवृत्तीच्या आठवड्यात त्यांची पहिली विहीर अशीच बुजवली होती. आत तेल आहे, आहे, असं ते सांगत राहिले. साहेबांनी विहिरीला सिमेंट दिलं आणि यांना शाल-नारळ. दोघांची सोय एकाच दिवशी लागली.

"श्रद्धा, तू सांग. हा बोअर जिवंत आहे ना?"

श्रद्धाने लॅपटॉपवर आकडे भरले, नकाशा फिरवला. "बाबा, मॉडेलप्रमाणे गेला तो."

"गेला म्हणजे कुठे गेला? मुंबईला बदली झाली का त्याची?"

त्यांनी चेअरमनना शब्द दिला: पुढच्या बोअरमध्ये टँकर ओततो, रविवारपर्यंत मागच्या बोअरचं पाणी वाढलं नाही, तर सिमेंट मी स्वतः कालवीन. पण ओतलेलं पाणी नेमकं जातं कुठे, हे कळायला हवं. फलाटावर असताना ते पाण्यात ओळखू येईल असं काहीतरी मिसळत. म्हणून उत्तरेश्वर रविवार पेठेत गेले आणि पिशवीभर जिलबीचा केशरी रंग घेऊन आले.

"जिलबी करायची?" शालूताईंनी विचारलं.

"नाही. बोअरमध्ये टाकायचाय."

संसार मुरलेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे पाक नको करायला."

शनिवारी टँकर आला. बायका बादल्या घेऊन उभ्या, आणि उत्तरेश्वरांनी रंगाची पिशवी बोअरमध्ये रिकामी करून नळी थेट त्याच्या तोंडात घातली. टँकरवाल्याला भोवळच आली. "काका, जमिनीत सोडायचं? अहो, जमिनीतूनच तर आणलंय!"

"त्याला आतले भाऊबंद आणायला पाठवतोय," उत्तरेश्वर म्हणाले. बादल्यांमधून जे उद्गार निघाले ते इथे न लिहिलेले बरे.

संध्याकाळभर ते मागच्या नळाखाली पांढरी वाटी धरून बसले. पाणी स्वच्छ. रविवारी सकाळीही स्वच्छ. इतक्या स्वच्छ पाण्यावर एवढा चिडलेला माणूस पुण्यात दुसरा नसेल.

मीटिंग भरली. संभाजीरावांनी सिमेंटच्या गोण्या आधीच आणवल्या होत्या. उत्तरेश्वरांनी बाह्या दुमडल्या, थापी उचलली. "हात वर करा," संभाजीराव म्हणाले. हात वर जाऊ लागले. तेवढ्यात फाटकातून अनंत बोकील आत आले.

बोकील म्हणजे शेजारच्या हिमगौरी सोसायटीचे सेक्रेटरी. भिंतीवरून पलीकडे गेलेल्या कढीपत्त्याच्या एका फांदीपायी दोन्ही सोसायट्यांचा अबोला होता. बोकिलांच्या कमरेला पंचा होता. टक्कल केशरी, कान केशरी, भुवया केशरी, पंचाही त्याच वाटेवर.

"हा काय प्रकार आहे?"

"अनंतराव, जिलब्या गरम हायेत का गार?" मागून कुणीतरी विचारलं.

उत्तरेश्वर थापी टाकून धावले. "कधी सुरू झालं? आधी फिकं आलं की एकदम गडद?"

"मी अंगाला साबण लावून उभा होतो, साहेब!"

"गडदच दिसतंय. वा! म्हणजे खालून रस्ता अगदी मोकळा आहे." आणि त्यांनी बोकिलांना मिठी मारली. स्वतःचा सदरा अर्धा केशरी झाला, तरी सोडेनात. "आपण नवा पंप बसवलाय का हो?"

बोकिलांनी पंचाची गाठ घट्ट केली.

"मोठा?"

"आहे जरा मोठा."

"दिवसरात्र चालतो?"

"तो आमच्या सोसायटीचा अंतर्गत प्रश्न आहे."

उत्तरेश्वर सभेकडे वळले. "मेला नाही! खालचा खडक दोन्हीकडे एकच. यांचा पंप घटाघटा ओढतोय, म्हणून आपल्या बोअरपर्यंत काही उरत नाही. ह्याला बुजवायचं नाही, जरा श्वास घेऊ द्यायचा!"

वर गेलेले हात खाली आले आणि तसेच बोकिलांच्या दिशेने वळले. "म्हणजे आमचा टँकर तुम्ही प्यायलात! पाणी परत करा!"

"घ्या ना," बोकील म्हणाले, "माझ्या अंगावर आहे. पुसून घ्या."

ठराव बारगळला. पंचा ओला असल्यामुळे तहही लवकर झाला: दोन्ही पंप आळीपाळीने, हळू चालवायचे, किल्ल्या उत्तरेश्वरांकडे. तेव्हापासून दोन्ही सोसायट्या एकमेकींशी बोलू लागल्या, कारण उत्तरेश्वरांना शिव्या द्यायला सोबत लागते.

श्रद्धा लॅपटॉप मिटत म्हणाली, "बाबा, मॉडेलमध्ये मी बोकीलकाका धरलेच नव्हते."

"तिथेच चुकता तुम्ही. प्रत्येक म्हाताऱ्या विहिरीच्या शेजारी एक बोकील असतो. उद्या ऑफिसात आधी तो शोध."

विश्रांती मिळाल्यावर पुढच्या बोअरने पाणी दिलं. केशरी. महिनाभर हिंजवडीच्या बसमध्ये नंदादीपची माणसं शर्टवरून ओळखू यायची. संभाजीरावांची गाडी उन्हातच राहिली, आणि गोण्यांतलं सिमेंट गोण्यांतच घट्ट झालं.

शालूताईंनी मग एकदाची जिलबी केली, त्याच पाण्यात, रंग न घालता. पहिली ताटली उत्तरेश्वर स्वतः बोकिलांकडे घेऊन गेले. त्यांनी जिलबी खिडकीच्या उजेडात धरली, खाल्ली, आणि कानामागचा न निघालेला रंग खाजवत म्हणाले, "पाणी बरं आहे."

उत्तरेश्वरांना शाल-नारळ मिळाला तेव्हासुद्धा इतकं भरून आलं नव्हतं.