मुक्ताईच्या नावावर दहा हजार

नाजिमा अत्तार आणि मुक्ताई राऊत यांची ओळख भांडणातून झाली. पंच्याऐंशी साली दोघी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडून द्यायच्या कामावर, नव्याने लागल्या होत्या. यवतमाळकडून आलेली मुक्ताई पहिल्याच दिवशी नाजिमाच्या खुर्चीत जाऊन बसली. नाजिमा जन्माची पुणेकर. तिने विचारलं, "खुर्चीवर नाव लिहिलंय, ते वाचता येत नाही का?" मुक्ताई उठली, खुर्चीच्या चारी बाजू वाकून वाकून बघितल्या आणि म्हणाली, "कुठी लिहिलंय? दाखवा बरं." सगळं बोर्ड हसलं. दुपारी दोघींनी एकाच डब्यात खाल्लं, आणि त्यानंतर पस्तीस वर्षं खात होत्या.

निवृत्त झाल्यावर नाजिमा येरवड्याच्या सोसायटीत, मुक्ताई कात्रजला मुलाकडे. दोघींची परिस्थिती मात्र सारखी राहिली नव्हती. नाजिमाचे यजमान मकबूलभाई यांचं कॅम्पात चष्म्याचं दुकान होतं आणि ते चांगलं चालत होतं. मुक्ताईचे यजमान दीर्घ आजारात गेले, त्यात फंडाचे बरेचसे पैसे गेले. त्या वेळी नाजिमा पन्नास हजार घेऊन दवाखान्यात गेली होती. मुक्ताईने पिशवीला हातही लावला नाही. "तू नुसती बस माझ्याजवळ," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पाटल्या मोडल्या. नाजिमा तीन दिवस बसली. त्या बाईचा स्वभाव तिला पुरता ठाऊक होता. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा दोष तिला दुसऱ्या कुणावर ढकलता आला नाही.

क्रूझची कल्पना नाजिमाची. मुंबईहून निघायचं, गोवा, लक्षद्वीप, परत मुंबई. पाच दिवस. मुक्ताई आधी "मले नको बाप्पा" म्हणाली, मग कात्रजच्या बायकांच्या भिशीत नाव घातलं. दीड वर्षाने तिचा नंबर लागला, तेव्हा तिकिटाचे पैसे हातरुमालात बांधून ती टिळक रस्त्यावरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आली. भिशीचे पैसे तिकिटापुरतेच होते, वर काही नाही.

ऑफिसातला ऋषी नावाचा मुलगा चटपटीत होता. केबिन, जेवण, चढायची वेळ, सगळं समजावून झाल्यावर त्याने शेवटचा विषय काढला. "बोटीवर कॅश चालत नाही. मेन रेस्टॉरंटमधलं जेवण, नाश्ता, चहा तिकिटात आहे. पण कॅफेतली कॉफी, फोटो, स्पा, बेटावरची काचेच्या तळाची बोट, हे एक्स्ट्रा. त्यासाठी तुम्ही आत्ताच पैसे भरून ठेवू शकता. दहा हजार भरले तर बारा हजारांचा खर्च करता येतो. दोन हजार कंपनीकडून."

"उरले तर परत मिळतात?" मुक्ताईने विचारलं.

"नाही मॅडम. ट्रिप संपली की लॅप्स."

"मग नको. जेवण आहे, चहा आहे, समुद्र तर फुकट आहे. आणखी काय लागतं?"

"अगं, पण दोन हजार वर मिळतायत," नाजिमा म्हणाली. तिने स्वतःच्या नावावर लगेच भरलेही होते.

"दोन हजार मिळायला आधी दहा हजार घालायचे. हा हिशेब तूच कर." विषय संपला.

घरी आल्यावर नाजिमाला चैन पडेना. आपण कॅफेत बसायचं आणि ही समोर "मला नको गं" म्हणत बसणार. मी देते म्हटलं तर ऐकणार नाही. दोन दिवसांनी ती एकटीच ऋषीकडे गेली आणि मुक्ताईच्या नावावर दहा हजार भरून आली. "तिनं विचारलं तर कंपनीचा लकी ड्रॉ होता म्हणून सांगायचं," असं बजावलं. ऋषीला काय, तो हो म्हणाला.

रात्री जेवताना तिने मकबूलभाईंना सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले. "द्यायचे तर तोंडावर द्यायचे होतेस. नाही म्हणाली असती तर म्हणू द्यायचं."

"तुम्हाला नाही कळायचं आमच्यातलं."

"नसेल," म्हणाले, आणि कालवण वाढून घेतलं.

जानेवारीत दोघी निघाल्या. बोटीवर चढल्यावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात देताना सांगितलं, "मॅडम, आपल्या अकाउंटला बारा हजार क्रेडिट आहे." मुक्ताई चपापली. नाजिमाने तयार ठेवलेलं वाक्य टाकलं, "अगं, ऋषीचा फोन आला होता. लकी ड्रॉ लागला तुला. मी मुद्दामच नाही सांगितलं, सरप्राइज."

"मला?" मुक्ताईने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "आयुष्यात एक स्टीलचा डबासुद्धा नाही लागला मला कधी." आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

पुढचे तीन दिवस नाजिमाने जी मुक्ताई पाहिली ती तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सकाळी सहाला उठून डेकवर जायची. कॅफेत गेल्यावर नाजिमा पर्समधून कार्ड काढायच्या आतच हिचं कार्ड पुढे. "आज माझ्याकडून. काय घेशील? मोठा कप घे, लहान काय घेतेस?" बेटावर काचेच्या तळाच्या बोटीची दोन तिकिटं तिनेच काढली. खाली निळ्या-पिवळ्या माशांचा थवा दिसला तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "नाजू, बघ वं, बघ! त्या पिवळ्याचं तोंड पाहिलं का? आपल्या सुपरवायझरसारखं!" फोटोवाल्याकडून दोघींचा एकत्र फोटो काढून घेतला आणि दोन प्रती केल्या.

नाजिमाला आधी मौज वाटली. मग, का कोण जाणे, टोचायला लागलं. मुक्ताई "माझ्याकडून" म्हणायची आणि नाजिमाला "थँक यू" म्हणावं लागायचं. आपल्याच पैशांची कॉफी आपण हिच्याकडून उपकार म्हणून पितोय, असा एक क्षुद्र विचार मनात आला. तिने तो झटकला. तिसऱ्या दिवशी मुक्ताईने शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या म्हाताऱ्या जोडप्याला आइस्क्रीम दिलं, तेव्हा तो विचार पुन्हा आला, आणि या वेळी झटकल्यावर गेला नाही.

शेवटच्या संध्याकाळी मुक्ताईच्या कार्डावर चार हजार उरले होते. नाजिमाने सकाळपासून लकडा लावला होता. "स्पामध्ये जा. पाय दाबून घे, गुडघे किती दुखतात तुझे. उद्या लॅप्स होतील." मुक्ताई नुसती हूं हूं करत होती. जेवणाआधी ती नाजिमाला बोटीवरच्या दुकानात घेऊन गेली आणि एक मोरपंखी रेशमी स्टोल उघडून दाखवला. किंमत साडेतीन हजार.

"कसा आहे?"

"तुला शोभेल. घे, घे."

"मला नाही गं. अपेक्षाला."

अपेक्षा ही मुक्ताईची सून. हिंजवडीला नोकरी करायची, सकाळी आठला जायची आणि रात्री आठला यायची. नातवाचं खाणंपिणं, शाळेची बस, स्वयंपाक सगळं मुक्ताईच्या अंगावर. नाजिमा तिला कधीच भेटली नव्हती असं नाही, पण दारातल्या दारात. "तुला बिनपगारी बाई करून ठेवलंय तिनं," हे ती मुक्ताईला अनेकदा म्हणाली होती आणि मुक्ताईने ते दरवेळी हसण्यावारी नेलं होतं.

"त्या अपेक्षाला?" नाजिमाचा आवाज चढला. "तुझ्या गुडघ्यांसाठी ठेवलेत ते! तिच्या गळ्यात रेशीम घालायला का भरले मी पैसे?"

तोंडातून गेलं ते गेलं. दुकानातली मुलगी दुसरीकडे बघायला लागली.

मुक्ताईने स्टोलची घडी घातली. चार टोकं नीट जुळवून, हाताने दाबून. मग तो काउंटरवर ठेवला. "म्हणजे लकी ड्रॉ नव्हता."

"मुक्ते, अगं, तू घेतले नसतेस म्हणून..."

"नसतेच घेतले." ती रागावलेली वाटत नव्हती. दमल्यासारखी वाटत होती. "मी तीन दिवस तुला पार्टी देत फिरले, नाजिमा. तुझ्याच पैशांनी. तू बघत होतीस."

"मी बघत नव्हते, मला आनंद होत होता."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं, आणि नाजिमाच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. जेवायला दोघी गेल्या, शेजारी बसल्या, वरण चांगलं झालंय असंही बोलल्या. चार हजार दुसऱ्या दिवशी लॅप्स झाले.

मुंबईहून पुण्याच्या बसमध्ये मुक्ताई खिडकीशी बसली होती. लोणावळ्याला बस थांबली तेव्हा नाजिमाने विचारलं, "वडापाव आणू?"

"नको. आपण घ्या."

आपण. नाजिमाला वाटलं चेष्टा आहे. पण मुक्ताई बाहेर बघत होती. कात्रजकडे जाणाऱ्या रिक्षात बसताना तिने वळून हात जोडले आणि म्हणाली, "फार छान झाली ट्रिप. थँक यू." चाळीस वर्षांत मुक्ताईने तिचे कधी आभार मानले नव्हते.

त्यानंतर ती "आपण"वरून खाली आलीच नाही. फोन केला की "कशा आहात, बऱ्या ना?" ईदला शीरखुर्मा न्यायला दरवर्षी स्वतः यायची, या वेळी मुलाला, योगेशला, पाठवलं. नाजिमाने दोनदा भांडण उकरून काढायचा प्रयत्न केला. मुक्ताई भांडली असती तर सगळं मिटलं असतं. पण ती भांडायला तयार नव्हती.

ऑगस्टमध्ये ती स्वतः आली. नवी भिशी लागली होती. टेबलावर पाकीट ठेवलं. दहा हजार.

मकबूलभाई आतल्या खोलीत गेले. नाजिमा पाकिटाकडे बघत राहिली. परत केलं तर ही उठून जाईल, पुन्हा यायची नाही. घेतलं तर कदाचित हिच्या मनावरचं ओझं उतरेल, पुन्हा "नाजू" म्हणेल. तिने पाकीट घेतलं.

"बरं झालं," मुक्ताई म्हणाली, चहा घेतला आणि गेली. पाकीट घेतल्यावर तिला येण्याचं काही कारणच उरलं नाही, हे नाजिमाच्या चार-सहा आठवड्यांनी लक्षात आलं. बोटीवरचा फोटो नाजिमाने फ्रेम करायला दिला होता, तो आणायला ती गेली नाही. मकबूलभाईच घेऊन आले आणि कपाटात ठेवला.

दिवाळीनंतर एका रविवारी तिने मनाचा हिय्या केला आणि न कळवता कात्रजला गेली. दार अपेक्षाने उघडलं. हाताला कणीक लागली होती.

"काकू! या ना. आई खडकवासल्याला गेल्यात, बागेतल्या ग्रुपबरोबर. रविवारी मी त्यांना स्वयंपाकघरात येऊच देत नाही." तिने पाणी आणलं, पंखा लावला, चहा टाकला. मुलगा पळत आला, त्याला तिने "आजीच्या मैत्रीण आहेत, नमस्कार कर" म्हणून पुढे केलं. नाजिमाने पाण्याचा पेला रिकामा केला. तिने विचारलं, "ट्रिपबद्दल काही सांगितलं का तिनं?"

"काही? रोज सांगतात! ते मासे, ती काचेची बोट. तुम्ही त्यांना हट्टानं सगळं दाखवलंत म्हणून. माझी आई गेल्यापासून मला कुणी ओढून कुठे नेलेलं नाही, मी त्यांना म्हटलंसुद्धा, अशी मैत्रीण मला मिळायला हवी." अपेक्षा हसली. "माझ्यासाठी एक स्टोल बघितला होता म्हणे. पण रंग उतरेल असा वाटला, म्हणून नाही घेतला."

नाजिमाने कप खाली ठेवला. मुक्ताईने घरी तिच्याविरुद्ध एक शब्दही काढला नव्हता. आणि जिला रेशीम देऊ नये असं तिला वाटलं होतं, ती ही पोरगी होती. "उतरला असता," ती कशीबशी म्हणाली. जेवूनच जा म्हणून अपेक्षा मागे लागली, पण ती थांबली नाही. मुक्ताई आली असती तर तिच्यासमोर बसायचं धैर्य आपल्यात नाही, हे तिला जिना उतरताना कळलं.

संध्याकाळी मुक्ताईचा फोन आला. "आपण येऊन गेलात, कळलं. चुकामूक झाली." आवाजात राग नव्हता, तुटकपणा नव्हता. एखाद्या सज्जन शेजारणीचा आवाज होता. नाजिमाने मनात दहा वेळा घोकलेलं वाक्य होतं, की चुकलं माझं, पैसे भरले ते चुकलंच, पण ते बोलून दाखवले ते त्याहून चुकलं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. "गुडघे कसे आहेत?" एवढंच तिने विचारलं.

आता दोघींची भेट नोव्हेंबरात होते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला एकाच बँकेत जावं लागतं. या वर्षीही नाजिमा गेली तेव्हा मुक्ताई बाकावर बसलेली होती. तिने सरकून जागा करून दिली. थंडी यंदा लवकर पडली, भाज्या महागल्या, नातू पहिलीत गेला, असं बरंच बोलणं झालं. नाजिमा म्हणाली, "मुक्ते, मला जरा बोलायचं होतं."

"बोला ना," मुक्ताई म्हणाली, आणि खरोखरच तिच्याकडे वळून बसली.

तेवढ्यात काउंटरवरून मुक्ताईचा नंबर पुकारला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, "आलेच," म्हणून गेली. अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. दोनदा, तीनदा, मग दुसरा अंगठा. काउंटरवरचा माणूस वैतागला, मागे रांग वाढली. काम झालं तेव्हा योगेश गाडी घेऊन दाराशी उभा होता आणि हॉर्न वाजवत होता. मुक्ताईने लांबूनच हात केला, खुणेने "फोन करते" म्हणाली आणि बाहेर पडली. बाकावर नाजिमाच्या शेजारी दुसरीच बाई येऊन बसली आणि तिने विचारलं, "तुमचा कितवा नंबर?"