थोरली

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, मुलालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे, ते का, हेही मला नीट सांगता येणार नाही.

माझा जन्म दिल्लीतला. बाबा वाशीमकडच्या एका खेड्यातून इथे सरकारी नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांना तीन मुलं, मी सगळ्यांत थोरली. या शब्दाचा मला फार अभिमान होता. बाबा गेल्यावर भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यांच्यावर बोलायला मलाच बोलावायचे, आणि मी दरवेळी सुरुवात करायची, ‘मी लक्ष्मणरावांची थोरली लेक.’

मीही पुढे दिल्लीतच एका केंद्रीय मंत्रालयात लागले, आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं. पन्नाशीनंतर मला एक छंद जडला, घराण्याची वंशावळ जमवायचा. आपल्या लोकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, तर आपण लिहावीत, असं वाटायचं. ते खरंच वाटायचं. रजा काढून मी बाबांच्या गावी गेले. शाळेतल्या हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. बाबांचं नाव सापडलं तेव्हा मी त्यावरून बोट फिरवलं — रडूच आलं.

आणि मग हेडमास्तर दुसरं रजिस्टर घेऊन आले. ‘मॅडम, हेही तुमच्यातलेच ना?’

नामदेव लक्ष्मण. पुढे आमचंच आडनाव. वडिलांचा व्यवसाय — दिल्लीत नोकरी. त्या मुलाची जन्मतारीख माझ्या जन्माच्या नऊ वर्षं आधीची.

मी म्हटलं, ‘नाही. नावासारखं नाव असेल.’

संध्याकाळी बाबांच्या चुलतभावाला विचारलं. खूप म्हातारे झाले होते. म्हणाले, ‘सखूचा पोरगा तो. तुझ्या बापाची पहिली बायको. दिल्लीला गेल्यावर त्यानं तिला काही बोलावलं नाही. दोन-तीन वर्षं वाट पाहून ती पोराला घेऊन माहेरी निघून गेली. आहे तो अजून. इथून तासाभराची वाट. भेटतेस?’

मी म्हटलं, माझी गाडी आहे.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

वंशावळीची छोटी पुस्तिका काढली मी. सगळ्या नातेवाइकांना वाटली, व्हॉट्सॲपवरही टाकली. बाबांच्या नावाखाली तीन नावं. पहिलं माझं. किती कौतुक झालं माझं! कुणी म्हणालं, तू आम्हाला आमची मुळं दिलीस.

वर्षभराने एका रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. नाव प्रज्ञा. जवळच मुनिरकात खोली घेऊन यूपीएससीची तयारी करत होती. कुणाच्या तरी फोनवर तिने ती पुस्तिका पाहिली होती. ‘जय भीम, मॅडम,’ म्हणाली आणि पिशवीतून वडिलांचा शाळेचा दाखला काढला. नामदेव लक्ष्मण.

‘नाव, गाव, आडनाव, सगळं जुळतंय. आधी तुमच्या गावी जाऊन आले. पण माहिती असलेले म्हातारबाबा वारले म्हणे.’

मी चहा केला. तिला मारी बिस्किटं दिली. कप धरताना तिची करंगळी जराशी वाकायची — बाबांची वाकायची तशीच. आणखी कुठला पुरावा हवा होता मला?

‘पप्पांनी त्यांच्या वडिलांचा चेहरा आठवेल असा पाहिलाच नाही,’ ती म्हणाली. ‘इस्टेट वगैरे काही नको, मॅडम. एखादा फोटो मिळाला तरी पुरे. पप्पांची तब्येत आताशा बरी नसते.’

फोटो आतल्या खोलीत होता. भिंतीपलीकडे. मी उठले असते तर सहा पावलं.

तुम्ही म्हणाल, आईचा विचार केला असेल. नाही. आई त्याआधीच गेली होती. बाबांचं नाव खराब होईल, म्हणून? तसं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं — ही आत आली, की मी थोरली राहणार नाही.

‘त्या गावात लक्ष्मण पुष्कळ होते,’ मी म्हटलं. ‘माझ्या बाबांचं एकच लग्न झालं. मी स्वतः सगळी रजिस्टरं तपासली आहेत ना!’

शेवटच्या वाक्याने तिचा विश्वास बसला. मला ते दिसलं. तिने दाखला नीट घडी करून ठेवला. ‘सॉरी हां, मॅडम. रविवारी तुम्हाला त्रास दिला. आमच्याकडेच काहीतरी चुकलं असणार.’ जाताना ती पाया पडली. मी पडू दिलं. ती मॅडम म्हणत होती, आणि मी तिची आत्या होते.

महिन्याभराने तिचा मेसेज आला. ‘पप्पांना सांगितलं, ते आपले नव्हेत म्हणून. त्यांनी दाखला मागून घेऊन वाचला. मग म्हणाले, मग आई मला आयुष्यभर खोटंच सांगत आली का?’

एका बाईला मी तिच्या मरणानंतर खोटं ठरवलं होतं. पोराला बापाचं खरं नाव सांगणाऱ्या बाईला. मी ऑफिसात होते. मेसेज दोनदा वाचला, हात जोडलेली खूण पाठवली आणि फाइल पुढे ओढली.

तेव्हा तरी फोन करता आला असता. त्यानंतरही अडीच वर्षं करता आला असता. नंबर होता माझ्याकडे.

गेल्या महिन्यात प्रज्ञाने पुण्यानुमोदनाची पत्रिका पाठवली. सगळ्यांना पाठवली असणार, त्यात मलाही. नामदेव गेले. फोटोत कपाळ बाबांचं आहे, डोळे कुणाचे ते मला माहीत नाही — मी सखूबाईंना कधी पाहिलं नाही.

खाली ठळक अक्षरांत नाव छापलंय. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं. तिथे लक्ष्मण नव्हतं, दुसरंही कुणाचं नव्हतं. नामदेव, आणि लगेच आडनाव.